डोक्यामागचा डोंगर

येनगेवाडीचा डोंगर चन्नबसप्पाच्या क्रशरनं खाल्ला, असं सगळा इलाखा म्हणतो. क्रशरला त्यासाठी चार वर्षं लागली, पंचवीस माणसं लागली, सुरुंगाची दारू लागली. तोच डोंगर मी त्याच्या कितीतरी आधी एकट्यानं, खुर्चीत बसून, चहा निवायच्या आत साफ करत होतो. पण माझं नाव कुणी घेत नाही.

माझा मुखेडला फोटो स्टुडिओ आहे. बोर्डावर 'सिद्धलिंग फोटो स्टुडिओ' आणि खाली बारीक अक्षरांत 'लग्न, मुंज, पासपोर्ट'. मुंज पेंटरनं आपल्या मनानं घातली. आम्हां लिंगायतांत मुंज नसते, पण रंग वाळल्यावर मी काय बोलणार? खरं तर जे बोर्डावर नव्हतं त्यावरच माझं घर चालायचं. आमच्यात माणूस लिंगैक्य झाला, म्हणजे वारला, की त्याला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून, नवं धोतर-पटका नेसवून मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात, आणि बसलेलाच शेतात नेऊन बसलेलाच पुरतात. फोटोवाल्याला ह्याच्याइतकं चांगलं गिऱ्हाईक नाही. जिवंत माणूस ऐन वेळी शिंकतो, पोराला चापट मारतो, 'एक मिनिट' म्हणून टोपी सारखी करायला जातो. हा बिचारा शेवटपर्यंत दम धरून बसतो.

येनगेवाडीत घरांना खिडक्या नावालाच. आत इतका अंधार की गेलेला कोण आणि रडणारं कोण ते फोटोत कळायचं नाही. म्हणून मी सांगून ठेवलं होतं की शेतात चला, खड्ड्याशेजारी बसवा, तिथं काढू. उजेड झकास असायचा, पण मागं डोंगर यायचा. त्याला बसव्याचा डोंगर म्हणत, कारण तो बसलेल्या बैलासारखा होता: पुढं मान, मागं पाठ आणि मधे हे एवढं वशिंड. कॅमेरा कुठंही लावा, ते वशिंड बरोबर माणसाच्या डोक्यामागं यायचं. पहिल्यांदा असा फोटो दिला तेव्हा घरची माणसं स्टुडिओत येऊन भांडली. "आमच्या अण्णाच्या डोक्यातनं वशिंड काहून निघालं?" अण्णा बैलासारखेच राबले होते, पण ते फोटोत दिसायला नको होतं.

तेव्हापासून मी डोंगर खोडायला लागलो. लाल रंगाची वडी मिळते, ती पाण्यात कालवायची आणि निगेटिव्हवर माणसाच्या कडेकडेनं बारीक ब्रशनं लावायची. रंग लागला तिथून उजेड जात नाही, म्हणजे कागदावर तेवढा भाग पांढराफेक राहतो. माणूस कसा स्वच्छ, एकटा, थेट कैलासात बसल्यासारखा. लोक खूश झाले. दहा वर्षांत येनगेवाडीच्या एकाही मेलेल्या माणसामागं मी डोंगर शिल्लक ठेवला नाही.

मग ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. मुखेड नांदेड जिल्ह्यातच राहिलं. येनगेवाडी ओढ्यापलीकडं, ती नव्या जिल्ह्यात गेली. जिल्हा नवा म्हटल्यावर रस्ते नवे, इमारती नव्या, आणि त्याला खडी लागणार. येनगेवाडीच्या चन्नबसप्पानं डोंगर नि त्याचा पायथा सरकारकडून भाड्यानं घेतला आणि क्रशर बसवला. तोवर तो साधा चन्नबसप्पा होता, क्रशर आल्यावर शेठ झाला.

दर खंडेनवमीला शेठ मला क्रशरचा फोटो काढायला बोलवायचा. मशीनला झेंडूच्या माळा, पट्ट्यावर कुंकू, पुढं शेठ हात जोडून. त्याची अट एकच: "मागं डोंगर भरपूर दिसला पायजे, सिद्धलिंग. ब्यांकेच्या साहेबाला दाखवायचाय. माल संपत आलाय असं वाटू नये." पहिल्या वर्षी मी उभ्यानं फोटो काढला. दुसऱ्या वर्षी वशिंड गेलेलं होतं, तेव्हा डोंगर उंच दिसावा म्हणून उकिडवा बसलो. तिसऱ्या वर्षी मानही गेली, मी गुडघ्यावर आलो. चौथ्या वर्षी पालथा पडलो, हनुवटी खडीत रुतवली, तेव्हा कुठं शेठच्या खांद्यामागं बोटभर डोंगर आला. शेठ म्हणाला, "झ्याक."

एक कबूल करतो. ते सगळं फोटोत फार सुरेख दिसायचं. पायऱ्या पायऱ्यांनी तुटलेल्या दगडाच्या भिंती, तळाशी मुंगीएवढा ट्रक, भुकटीनं पांढऱ्या झालेल्या बाभळी. डोंगर होता तेव्हा मी त्याचा एकही फोटो काढला नाही, उलट असेल तिथून पुसला. तो मरायला लागला तेव्हा मी स्वतःच्या पैशाचे रोल त्याच्यावर घातले. माझा धंदाच तसा असेल, पण मला त्याची लाज वाटायची, आणि तरी मी काढायचो.

शहाऐंशीचा उन्हाळा आला तेव्हा मुखेडात टँकर आठ दिवसांनी यायचा. फोटो धुवायला पाणी लागतं, आणि ते नीट धुतले नाहीत की पिवळे पडतात. त्या वर्षीची सगळी लग्नं पिवळी आहेत. हळदीचा रंग उतरलाय म्हणून मी वेळ मारून नेली.

अशा एका दुपारी येनगेवाडीच्या शिवम्माकाकू एसटीनं आल्या. पिशवीतून त्यांनी नवऱ्याचा फ्रेम केलेला फोटो काढला नि माझ्या टेबलावर ठेवला. नमस्काराचं शरणार्थ नाही, काही नाही.

"सिद्धलिंगा, डोंगर कुठं हाय?"

"क्रशरमधी, काकू. आता लातूरच्या रस्त्यावर पसरलाय."

"खामखा थट्टा करू नको. ह्या फोटूतला डोंगर कुठं हाय?"

मग त्यांनी सांगितलं. डोंगर संपत आल्यावर शेठनं अर्ज दिला होता की डोंगराचा पायथा पार शिवम्माच्या शेतात येतो, म्हणजे तिच्या शेताची वरची पट्टी शेत नसून पायथाच आहे, आणि पायथा तर त्यानं भाड्यानं घेतलेला. त्या पट्टीत काकूंच्या मालकांची समाधी होती. गुरुवारी मोजणीसाहेब येणार होते. सरकारी नकाशात डोंगर म्हणजे नुसती केसाळ अळी काढलेली. अळी कुठं संपते आणि शेत कुठं सुरू होतं ते देवालाही कळायचं नाही. डोंगर असता तर बोट दाखवलं असतं. आता तिथं खड्डा होता, आणि खड्ड्याला पायथा नसतो.

"मालकाला बशिवलं तवा मागं बांध व्हता, बांधामागं डोंगर व्हता. तू फोटू काढला व्हतास. साह्यबाला दावला की झालं. म्हून भिंतीवरचा फोटू काढून बघते, तर मागं नुसतं पांढरं! पट्टी गेली तर त्यान्ला काय खडीत घालू मी?"

"काकू, तुम्हीच खोडायला लावला व्हता."

"मी?"

"तुम्हीच. हितंच कच्ची प्रत बघून वरडत व्हता. 'माझ्या मालकाला बैल केलास' म्हणून."

काकूंनी पदर खांद्यावर ओढला. मग म्हणाल्या, "बाईमाणूस नवऱ्याच्या दुःखात काय बी बोलंल. तू आयकायचं कशाला? डोंगर काय तुझ्या बापाचा व्हता खोडायला?"

मी निगेटिव्ह शोधायला उठलो. येनगेवाडीच्या निगेटिव्हचा वेगळा पत्र्याचा डबा होता, गावाची सगळी मेलेली पिढी त्यात. काकूंच्या मालकांची सापडली. मालक ठीकठाक, भोवती सगळा लाल रंग. तो रंग पाण्यानं सुटतो. पण पाणी स्वच्छ पाहिजे. बोअरचं खारं पाणी लावलं असतं तर डोंगराच्या जागी डाग उठले असते. आणि माझ्या माठात तळाला तांब्याभर पाणी होतं, तेही प्यायचं.

काकू उठल्या. माझी घागर उचलून गेल्या आणि तीन तासांनी अर्धी घागर घेऊन आल्या. मठाच्या आडावर रांग होती, म्हणाल्या. मी पांढऱ्या ताटलीत पाणी घेतलं, निगेटिव्ह बुडवली, कापसाचा बोळा हलक्या हातानं फिरवला. लाल रंग सुटून ताटलीत पसरला. मी निगेटिव्ह उजेडाला धरली आणि बराच वेळ धरून राहिलो.

"हे पाणी आता वापराचं ऱ्हायलं का?" काकूंनी विचारलं.

"न्हाई."

"मग त्या तुळशीला घाल."

"तुळस मरंल, काकू. रंग हाय त्यात."

"अर्धी घागर पाणी," त्या म्हणाल्या, "आणि तुळस बी पिईना."

संध्याकाळपर्यंत मी मोठी प्रत काढली. मालक मांडी घालून बसलेले. त्यांच्यामागं नांगरलेली जमीन, मग दगडी बांध, बांधापलीकडं बोरीची झुडपं, आणि तिथून चढ सुरू. वर सबंध बसव्या, वशिंडासकट. काकूंनी कागदावर बोट टेकवलं नाही, ओला होता म्हणून. नुसत्या म्हणाल्या, "केवढा व्हता गं बाई." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते नवऱ्याला पाहून आलं की डोंगराला, हे मी विचारलं नाही. माझ्याही आलं. माझं डोंगरासाठीच होतं.

गुरुवारी मी प्रत घेतली, आणि कुणी बनावट म्हटलं तर असावा म्हणून निगेटिव्हचा आख्खा डबाही घेतला. कॅमेरा गळ्यात होताच, तो मी शौचालाही काढत नाही असं बायको म्हणते. येनगेवाडीत साहेबांची जीप आलेली होती. साहेब तरुण, नवे बदलून आलेले, उन्हानं लालबुंद झालेले. समाधीपासून दहा-बारा पावलांवर खड्ड्याची कड होती. गाव जमलं होतं. अशा कामाला गाव जमायला दवंडी लागत नाही.

साहेबांनी प्रत पाहिली. त्यांना ती पटत आहे असं दिसत असतानाच शेठनं धोतराचा सोगा सावरला.

"साह्यब, ह्या बाईच्या घरी हाच फोटू सात वर्षं भित्तीवर हाय. त्येच्यात डोंगर न्हाई. तो बी मागवा."

काकूंच्या पिशवीतच तो होता. साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. तोच माणूस, तोच पटका, तेच लिंग हातात. एकात डोंगर आहे, एकात नाही.

"आता ह्यातला खरा कोणता?" शेठ म्हणाला. "हा सिद्धलिंग डोंगर काढून टाकण्यासाठी मशहूर हाय. कोणाला बी इचारा. अन् जो डोंगर काढू शकतो तो घालू बी शकतो."

गावानं माना हलवल्या. ज्यांच्या घरच्या फोटोंतून मी डोंगर काढला होता त्यांनीच हलवल्या. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि प्रत परत दिली. म्हणाले, "माफ करा. असा पुरावा मी कसा लिहून घेऊ?" काकू माझ्याकडं बघत होत्या, आणि त्या बघण्यात शिवी होती.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "साहेब, मला डोंगर घालता येत नाही. तेवढी कला असती तर मुखेडात कशाला राहिलो असतो? डोंगर रंगाखाली आहे. तुमच्यासमोर एक निगेटिव्ह धुतो. रंग लावल्यापासून हात न लावलेली."

"कुणाची?" साहेब म्हणाले.

डब्यात कुणाचीही होती. पण मी मुद्दाम महादेवप्पांची काढली, शेठच्या बापाची. आता खोटं कशाला बोलू. त्यांचं शेत काकूंच्या शेताला लागूनच, आणि शेठनंही त्या वेळी सांगितलं होतं की बापाच्या डोक्यावर वशिंड नको.

"माझ्या बाबाला हात लावू नको," शेठ म्हणाला.

"तुमच्याच वडिलांची असेल तर बरंच आहे की," साहेब म्हणाले. "तुम्हाला तरी शंका राहणार नाही."

पाण्याचा प्रश्न होता. साहेबांना प्यायला म्हणून काकूंनी घरून झाकलेला तांब्या आणला होता. साहेबांनी तो माझ्यापुढं सरकवला. मी तांब्यावर झाकलेल्या काकूंच्याच ताटलीत धुवायला लागलो आणि गाव माझ्या डोक्यावर वाकून उभं राहिलं.  रंग सुटला. मी निगेटिव्ह झटकून साहेबांच्या हातात दिली, उन्हाकडं धरायला सांगितली.

साहेबांनी एक डोळा मिटला. "आहे," ते म्हणाले. "डोंगर आहे. हा बांध. बांधापलीकडं झुडपं नि चढ, अलीकडं सगळी नांगरट. आणि हे कडेला काळं ढिगासारखं काय?"

"निगेटिव्हमधी पांढरं काळं दिसतं, साहेब. चुना लावलेली समाधी हाय ती. काकूंच्या मालकांची. महादेवप्पा त्यांच्यामागनं वर्षानं गेले."

साहेबांनी वही उघडली. दोन्ही समाध्या बांधाच्या अलीकडं शेतात आहेत, डोंगराचा पायथा बांधापलीकडं होता, पट्टी शिवम्मा यांचीच, असं त्यांनी मोठ्यानं वाचत लिहिलं. काकूंनी हात जोडले ते साहेबांना, मला नाही. गाव मोकळं हसलं. मग साहेब म्हणाले, "पंचनाम्याला दोन खुणा हव्यात. एक ही समोरची समाधी. दुसरी तुमच्या वडिलांची, शेठ. ती दाखवा, म्हणजे फीत लावतो."

त्यात काही वाकडं नव्हतं, कामाचा प्रश्न होता. पण गाव खड्ड्याकडं बघायला लागलं. सगळ्यांना माहीत होतं की शेठनं आपलं शेतही खणलं होतं. बापाच्या समाधीचं काय केलं, हे कुणी विचारलं नव्हतं. मठात हलवली असेल, असं ज्यानं त्यानं आपापल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. मीही.

"व्हती," शेठ म्हणाला. "हितंच व्हती."

त्यानं साहेबांच्या हातातून निगेटिव्ह घेतली. ती उन्हाला धरून तो खड्ड्याच्या कडेनं चालायला लागला. दोन पावलं पुढं जाई, निगेटिव्हमध्ये बघे, मग समोर बघे. समोर काही नव्हतं. डोंगराची मान कशाशी जुळवणार, वशिंड कशाशी जुळवणार? परत मागं येई. "शेवटच्या सुरुंगाला कड गेली," तो कुणाकडं न बघता म्हणाला. "मी मुखेडला गेलतो. आलो तवा ट्रक भरून गेलते." सबंध इलाख्यात क्रशर घेऊन ऐटीत फिरणारा माणूस, आणि त्याला आता आपल्याच शेतात दिशा कळेना.

"चन्नबसप्पा," काकू म्हणाल्या, "हिकडं ये."

तो आला.

"तुझ्या बापाची जागा मठाच्या स्वामींनी माझ्या मालकापसून मोजून धरली व्हती. मी हितं हुभी व्हते. ह्या दगडापसून, बांध व्हता त्याच्या कडंकडंनं, तीस पावलं. मोज."

शेठनं चपला काढल्या. काकूंच्या मालकांच्या समाधीला पाठ करून उभा राहिला आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन. गाव मनातल्या मनात त्याच्याबरोबर मोजत होतं. बाराव्या पावलाला जमीन संपली. त्याचा अंगठा कडेच्या बाहेर आला, थोडी खडी घरंगळली आणि खाली पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला. पुढची अठरा पावलं हवेत होती. तो तिथंच उभा राहिला आणि समोरच्या मोकळ्या जागेकडं बघत राहिला, साधारण अठरा पावलांवर, माणूस मांडी घालून बसल्यावर डोकं येईल तेवढ्या उंचीवर.

 काकूंनीही त्याला शिवी दिली नाही.

मग तो मागं न वळता म्हणाला, "सिद्धलिंग, फोटू काढ. तिकडचा. अन् ह्या खेपंला मागचं काय बी खोडू नको."

"मागं हाय काय खोडायला?" मी म्हणालो.

ते माझ्या तोंडून रागानं गेलं, आणि जाताक्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की कॅमेऱ्यात बघताना समोरचं काही दिसेना. तरी मी फोटो काढला.